शिऱ्याचा टोप
केळं घातलेल्या शिऱ्याचा वास आला की मला आमच्या मीरा रोडच्या बिल्डिंगचं पार्किंग आठवतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट, मी नुकताच राज्यघटना शिकवायला लागलो होतो आणि शांती नगरात राहत होतो. तळमजल्यावरच्या ख्रिस्ती आंटींकडे दर शुक्रवारी संध्याकाळी माणसं प्रार्थनेला जमायची, पेटीवर गाणी व्हायची. काहींना ते खुपलं आणि सेक्रेटरींनी पार्किंगमधल्या मीटिंगमध्ये ठराव मांडला, बिल्डिंगमध्ये धार्मिक कार्यक्रम नकोत. मी ताडकन उठलो. धर्मस्वातंत्र्य हा माझाच विषय, मी थोडाच सोडतोय! “ठराव छान आहे,” मी म्हणालो, “मग येत्या रविवारचा आपला सत्यनारायणही रद्द. नियम सगळ्यांना सारखा.” प्लास्टिकच्या खुर्च्या करकरल्या. “अहो सर, पूजेचं वेगळं असतं!” सेक्रेटरी म्हणाले. “कसं वेगळं, ते सांगा ना.” ते हातातला ठरावाचा कागद उलटसुलट करून बघू लागले. मी जिंकलोच होतो, तेवढ्यात मागच्या रांगेतून आंटी उठल्या. “पूजा कशाला बंद करताय? शिऱ्याचा टोप घासून ठेवलाय मी.” दरवर्षी आमचा प्रसाद आंटींच्या मोठ्या टोपात व्हायचा, आणि ते कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. सेक्रेटरींनी ठरावाच्या कागदाची घडी केली आणि खिशात घातली. आजही वर्गात एखादा हुशार विद्यार्थी “सगळ्यांवरच बंदी घाला, म्हणजे समानता झाली” असं ठणकावून सांगतो, तेव्हा मी त्याला एवढंच विचारतो, “मग शिरा कशात करणार?”