एका खाटेसाठी केलेल्या प्रार्थना

शिवणवर्गात कापडाचे तुकडे साठतात ना, तसे माझ्याकडे किस्से साठलेत. फेकवत नाहीत, आणि त्यातून धड काही शिवताही येत नाही. चिखलीच्या रस्त्याला आमचं मुलींचं घर आहे. सासरहून हाकललेल्या, माहेरी दार बंद झालेल्या, लग्नाचं वचन देऊन कुणी वाऱ्यावर सोडलेल्या अकरा मुली तिथे राहतात. मी त्यांना शिवण शिकवते. घर चालवतात एस्तेरबाई. साठी उलटलेल्या, ख्रिस्ती, जालन्याकडच्या, आणि आवाज असा की शेजारच्या मळ्यातला गडी काम सोडून वर बघतो!

आज फक्त सविताचे किस्से सांगते. बाकीच्या मुलींचे ऐकले की लोक रडतात, आणि मला आज कुणाला रडवायचं नाही.

*

सविता उंद्रीकडची, विशीची. नवऱ्याने टाकली, मामाकडे दोन महिने काढले, मग मामीने पिशवी ओट्यावर आणून ठेवली. आमच्या फाटकात उभी राहून, पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने एस्तेरबाईंना विचारलं,

"इथं राहाले काय काय मानाव लागते?"

बाई म्हणाल्या, खोटं बोलायचं नाही आणि आपलं ताट आपण घासायचं. सविताने मान डोलावली. पण विश्वास काही बसला नाही. आजवर जिथे राहिली तिथे तिला कुणाची तरी हांजी हांजी करावीच लागली होती. सासरी सासूची, मामाकडे मामीची. भिंतीवरचा क्रूस बघून तिने मनाशी हिशेब केला की इथे येशूची करायची!

शेजारच्या खाटेवरची रुखसाना दोन वर्षांपासून आमच्याकडे आहे. ती शिवणाच्या खोलीत नमाज पढते, आणि जागा व्हावी म्हणून बाई स्वतः मशीन सरकवतात. हे सविताने डोळ्यांनी पाहिलं. तरी मला म्हणाली, "तिचा वशिला असन."

*

आमच्याकडे जेवणाआधी पाळीपाळीने एकेक मुलगी दोन वाक्यांत देवाचे आभार मानते. नको असेल तर गप्प बसते, तेही चालतं. सविताची पाळी आली. तिने पिठापासून सुरुवात केली. मग शेतकरी, पाऊस, लोणारचं सरोवर, एसटीचा कंडक्टर, कलेक्टर साहेब. आमटीवर साय धरली. मी एक डोळा उघडला, तर सगळ्यांचाच एकेक डोळा उघडा!

शेवटी एस्तेरबाई म्हणाल्या, "आमेन." सविता चालूच. बाई पुन्हा म्हणाल्या, या वेळी मळ्यापर्यंत ऐकू जाईल असं.

सविता डोळे मिटूनच म्हणाली, "थांबा बाई, तुमचंच राह्यलं आता."

*

एका शुक्रवारी बाईंनी उपास धरला. त्यांचा उपास म्हणजे पाण्याशिवाय काही नाही. सविताने लगेच जाहीर केलं, मी तीन दिवस धरणार! मुली थक्क झाल्या. बाईंनी नको म्हटलं, तरी ऐकेना.

दुसऱ्या दिवशी मी बॉबिन काढायला मशीनचा ड्रॉवर उघडला, तर आत शेंगांची फोलपटं. सविताला बोलावलं. ती जरासुद्धा शरमली नाही, उलट मलाच समजावायला लागली.

"मावशी, उपासाले शेंगदाणे चालते ना!"

आता हिला काय सांगायचं? जन्मभर एकादशी आणि चतुर्थी शेंगदाण्यांवर काढलेली मुलगी. एस्तेरबाईंना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. आणि उरलेल्या उपासासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने साबुदाणा भिजवला.

*

पाहुणे आले की पूर्वी एखादी मुलगी साक्ष द्यायची. म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगायचं. सविताला हे कळल्यावर तिचे डोळे लकाकले. नेमका दोनच दिवसांपूर्वी बाईंच्या बायबलच्या वर्गात मग्दालिया मरीयेचा धडा झाला होता, जिच्यातून सात भुतं निघाली ती. सविता पाहुण्यांपुढे उभी राहिली आणि तिने स्वतःच्या अंगातून सातही भुतं एकेक करून काढली. पाचवं जरा हट्टी होतं, त्याला वेळ लागला! एक पाहुण्या बाई पदराने डोळे टिपत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, हे कधी झालं गं?

सविता बोटांवर दिवस मोजायला लागली. मागून रुखसाना अगदी अदबीने म्हणाली, "परवाच्या क्लासनंतर."

त्या दिवसापासून आमच्याकडे पाहुण्यांना चहा मिळतो, साक्ष मिळत नाही. बाईंनी सविताला बाजूला घेऊन सांगितलं की खाट तुझी आहे, ती प्रार्थनेवर मिळत नसते. सविता बाहेर येऊन माझ्या कानात म्हणाली, "परीक्षा घेऊ राह्यल्या बाई." मी हसले खरी, पण आत कुठेतरी दुखलं. पोर झोपेतसुद्धा पिशवी उशाला घेत होती.

*

मग गावातले चार जण चौकशीला आले. इथे मुलींना जबरदस्तीने प्रार्थना करायला लावतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. बाईंनी खुर्च्या टाकल्या आणि म्हणाल्या, हवं तिला विचारा, मी आत जाते. त्यांनी नेमकं सवितालाच हेरलं. घाबरू नको, खरं काय ते सांग म्हणाले.

ही काय बोलेल याचा नेम नव्हता.

"हाव, जबरदस्ती हाय," सविता म्हणाली. चौघे सरसावून बसले. "मी प्रार्थना कराले लागली का मले थांबवतेत!"

एकाला ठसका लागला. जाताना त्यातल्याच एकाने हळूच विचारलं, आमच्या भाचीला इथे शिवण शिकता येईल का?

*

आणि मग हा. गेल्या महिन्यातला.

जळगाव जामोदहून पूजा नावाची नवी मुलगी आली. अठरा-एकोणीसची, घाबरलेली. बाईंनी तिला सविताच्या पलीकडची खाट दिली. दुपारी मी काजं करत होते. पूजाने सविताला विचारलं, इथं टिकायचं तर काय करावं लागतं? मला वाटलं, आता शिकवणी सुरू. सविता तिला डोळे कसे मिटायचे ते दाखवायलाही लागली होती. तेवढ्यात पूजाने विचारलं, तू खरंच मानतेस का गं?

सविता उठली आणि खोलीबाहेर गेली.

संध्याकाळच्या प्रार्थनेला ती आली ती पिशवी घेऊन. सगळे कपडे भरलेले. पिशवी मांडीवर घेऊन बसली. पाळी तिचीच होती. मग आवाज आला, इतका बारीक की मी ओळखला नाही.

"देवा, तू हायेस का नाई, मले नाई माहीत. आजवर जे बोलली ते म्या खाटेसाठी बोलली. या पोरीले ते शिकवाव नाई वाटलं. आता बाईनं काढलं त काढलं. आमेन."

पूजा रडायला लागली. सविता पिशवीचे बंद घट्ट धरून एस्तेरबाईंकडे बघत होती. बाईंचे डोळे मिटलेले. त्यांनी हात जोडले, आणि त्यांचा तो दणदणीत आवाज कुठे गेला कुणास ठाऊक.

"देवा, कधी कधी मलाही नाही माहीत. आमेन."

मग त्यांनी डोळे उघडले, आणि सविताकडे वळून विचारलं, "मग मलाही निघावं लागेल. पिशवीत माझ्या दोन साड्या मावतील का?"