माशांची साक्ष

ताईला आपल्या हाताचा भारी तोरा होता, आणि खरं सांगायचं तर तो तिला शोभायचाही. ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे आणि जिन्यावरच्या एका लांबट खोलीत, मेणाच्या नि ओल्या प्लास्टरच्या वासात बसून ती त्यांवर दात चढवायची. कवळी पुरी झाली की डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवायची. कुठे जरा खरखर लागली की पुन्हा घासायला घ्यायची. लॅबचे मालक म्हणायचे, "ताईंच्या हातची कवळी तोंडात गेली की म्हातारा दुसऱ्या दिवसापासून बायकोशी भांडायला लागतो." मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत.

घरी आल्यावर मात्र ही बाई माश्या बांधायची.

दचकू नका. माशी म्हणजे गळावरची, नकली. खिडकीजवळच्या टेबलाला तिने एक चिमुकला शेगडा, म्हणजे लोखंडी पकड, लावला होता. त्यात गळ घट्ट पकडायचा, त्यावर रेशमी दोरा गुंडाळायचा, कोंबड्याच्या मानेचं पीस फिरवायचं, चिमूटभर लोकर चढवायची, डोक्याशी गाठ मारून वर व्हार्निशचा थेंब सोडायचा. झाला नखाएवढा किडा तयार. कधीकाळी रद्दीतून आणलेल्या एका पुस्तकात अशा किड्यांची रंगीत चित्रं होती, आणि ताई त्या चित्रांबरहुकूम बांधायची. पंख सारखे, शेपटीचे केस सारखे, एक धागा इकडचा तिकडे नाही. पिसं कोंबडीवाल्याकडून यायची. बाकीचा माल घरातूनच उचलला जाई. नवऱ्याच्या मफलरला भोकं पडत, आणि हातात कात्री दिसली की शेजारचं मांजर थेट छपरावर जाऊन बसे.

स्वतः मासे धरायला ती कधी गेली नव्हती. चिखल, डास आणि ओले पाय या तिन्हींचा तिला तिटकारा. मासे धरायचा तिचा धाकटा भाऊ. तो नळांची कामं करायचा. आठवडाभर लोकांच्या मोऱ्यांखाली वाकून झालं की रविवारी ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा राहायचा. मासा लागला तर हातात घेऊन न्याहाळायचा आणि सोडून द्यायचा.

"धरायचा, बघायचा, सोडायचा," ताईचा नवरा म्हणायचा. "तुझा भाऊ मासे धरतो की स्थळं बघत हिंडतो?" नवरा बेकरीत कामाला. पहाटे जाऊन दुपारी परत, त्यामुळे दिवसभर टोमणे मारायला मोकळा.

आणि मासे लागायचे तरी कुठे? भाऊ बहुतेक रविवारी हात हलवत यायचा. मासा वर यायचा, माशीला हुंगायचा आणि तोंड फिरवून जायचा. पण बहिणीला हे सांगणार कोण? "आज वारा फार होता, ताई," तो म्हणायचा, किंवा "पाणी गार होतं." तिच्या माश्या इतक्या देखण्या असत की ओढ्यावरचे इतर लोक त्या मागून घेऊन टोपीला टोचत.

मग एका वर्षी काय झालं कोण जाणे, भावाला मासे लागायला लागले. एकदा नाही, दोनदा नाही, दर रविवारी! तो आनंदाने सांगत यायचा, "ताई, तुझ्या माशीने आज कमाल केली गं!" ताईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्याच वर्षी घरातला उजेड कमी झाला. म्हणजे ताईच्या मते कमी झाला. तिने नवऱ्याला ट्यूब बदलायला लावली. मग दुसरी आणायला लावली, मग टेबलावर मोठा दिवा. "आता इथे पोट फाडायचं ऑपरेशन तेवढं बाकी राहिलंय," नवरा म्हणाला. एकदा दाराआडच्या खुंटीवर टांगलेल्या कोटाला ती "या ना, बसा" म्हणाली, तेव्हा मात्र त्याला हसू आलं नाही.

"अगं, डोळे दाखवून ये एकदा."

"माझे डोळे ठणठणीत आहेत."

"कोटाला चहा विचारतेस आणि म्हणे ठणठणीत!"

"अहो, डोळे गेले असते तर मासे फसले असते का?" ताई कडाडली. "नखाएवढी माशी बांधते मी. माणसं तोंडदेखलं बोलतील. मासा बोलेल?"

माशांची साक्ष खोडून काढायला नवरा कुणाला बोलावणार? त्यापुढे डोळ्यांचा विषय निघाला की ताई लगेच मासे पुढे करायची.

पण आतून ती घाबरलेली होती. डोळ्याला सुरी लागणार याची भीती होतीच, त्याहून मोठी भीती म्हणजे हात गेला असं कुणीतरी म्हणेल. डोळे काय, म्हातारपणी सगळ्यांचेच जातात. पण ताईचा हात गेला तर ताईचं उरलं काय?

लॅबमध्ये एक कवळी परत आली. गाणं शिकवणाऱ्या एका बाईंची होती. निरोप असा की, हसल्यावर पुढचा एक दात शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटतो. पांढऱ्या दातांच्या रांगेत ताईने एक पिवळट दात बसवला होता. तिने खापर खिडकीवर फोडलं. दुसरी कवळी आली तेव्हा ढगांवर फोडलं. मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं की तिने निवडलेले दात आता पलीकडच्या टेबलावरची मुलगी गुपचूप तपासते आहे. ताई तडक मालकांपुढे जाऊन उभी राहिली.

मालक भला माणूस. त्याने नजर खाली घातली. "ताई, डोळे तपासून या. तोवर पुढच्या दातांचं काम तिच्याकडे देतो. माझाही नाइलाज आहे हो."

पुढचे दात! दाढा कुणीही बसवेल. पुढच्या दातांसाठीच तर लोक ताईचं नाव घेत. ती घरी आली ती धुमसतच. भाऊ माश्या न्यायला येऊन बसला होता, नवरा त्याला चहा देत होता.

"बरं झालं, तू इथेच आहेस," ती भावाला म्हणाली. "सांग यांना, आणि उद्या लॅबमध्ये येऊन त्यांनाही सांग. माझ्या हातात फरक पडलाय का? तूच सांग!"

भावाने कप खाली ठेवला. त्याला सगळं ठाऊक होतं. ताईच्या माश्या बिघडल्याला वर्ष होत आलं होतं. केस वाट्टेल तिकडे, एक पंख वर तर दुसरा खाली, डोक्याशी दोऱ्याचा गोळा. भिजलेलं पिल्लूच जसं. पहिली अशी माशी त्याने केवळ बहिणीचं मन राखायला पाण्यात टाकली होती, आणि माशाने ती गपकन गिळली. दुसरीही गिळली. मग त्याने तोंडाला कुलूप लावलं. आता बहीण समोर उभी होती, लाल डोळ्यांची, आणि त्याची मान वर होईना.

तो उठला. त्याच्या डबीत जुन्या माश्यांपैकी एक उरली होती. ती त्याने ताईच्या एका तळव्यावर ठेवली आणि नव्यांतली एक दुसऱ्या. "डोळे मीट, ताई. कवळीला बघतेस तशी बघ."

ताईने पहिलीवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. मग दुसरीवरून फिरवला आणि तिचा चेहरा आंबट झाला.

"शी! ही कुणी बांधली? कुण्या शिकाऊची आहे?"

"तुझीच आहे. गेल्या आठवड्यातली."

ताई पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत राहिली. डोळ्यांनी तिला फसवलं असेल, पण हा अंगठा जन्मात खोटं बोलला नव्हता.

"मग मासे?" तिने बारीक आवाजात विचारलं.

"मासे असल्या माश्यांनाच लागतात. का, ते मला नाही कळत."

"आणि तू वर्षभर गप्प बसलास?"

"बसलो. चुकलं माझं. मासे मिळत होते गं, ताई. लोभ सुटला."

ताईने डबी उचलून त्याच्या अंगावर भिरकावली. ती जाऊन कपाटाला लागली. नेमही गेला होता बिचारीचा. मग ती खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. नवऱ्याने कसलाही टोमणा न मारता डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला.

डॉक्टरीणबाईंनी दिवा डोळ्यांत मारला आणि कपाळावर हात मारला. "मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, आणि चांगला पिकलाय! इतके दिवस थांबलात कशाला?"

"मासे मिळत होते," नवरा म्हणाला. बाईंना काही कळलं नाही, आणि ताईने त्याला चिमटा काढला.

आधी एका डोळ्याचं झालं, मग दुसऱ्याचं. सुरीची जी धास्ती घेतली होती, तिच्या मानाने सगळं फारच पटकन उरकलं. घरी आल्यावर ताईला आपल्या भिंती पिवळ्या नसून पांढऱ्या आहेत हे कळलं, आणि कोपऱ्यातली जळमटंही कळली. नवऱ्याकडे ती टक लावून बघत राहिली.

"अहो, तुम्ही म्हातारे कधी झालात?"

"तू मासे मोजत होतीस तेव्हा."

पुढचे दात पुन्हा तिच्या टेबलावर आले. गाणाऱ्या बाईंची कवळी तिने आपणहून नव्याने करून दिली. सगळं मार्गाला लागलं म्हणावं, तर एका दुपारी तिने आपल्या टेबलावरची माश्यांची डबी उघडली. "अगं बाई! हा केर कुणी भरून ठेवला?" हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग त्या पाण्याचं हसू राहिलं नाही. हे असलं आपण वर्षभर मिरवत होतो! तिने ती सगळी पिल्लं बाजूला सारली आणि शेगड्यासमोर बसून एकापेक्षा एक सुरेख माश्या बांधल्या. हात परत आला होता. त्या तिने भावाच्या खिशात कोंबल्या.

भाऊ रविवारी हात हलवत आला. पुढच्याही रविवारी तसाच.

"पाणी गढूळ होतं," तो म्हणाला.

"आता पुन्हा खोटं बोलू नकोस." ताई शांतपणे म्हणाली, आणि ते शांतपण ओरडण्याहून वाईट होतं. "म्हणजे हात चांगला होता तेव्हा मासे हुंगून जायचे. आंधळी झाले तेव्हा तुटून पडले. आता पुन्हा दिसायला लागलं तर पुन्हा हुंगून जातात. मग माझ्या सफाईचं मी काय लोणचं घालू?" तिने शेगडा सोडवला आणि कपाटात टाकला. "आजपासून माश्या बंद."

भावाने चार दिवस वाट पाहिली. मग कामावर घालायचे जास्तीचे गमबूट घेऊन तो तिच्या दारात आला. "चल. नुसतं बघायला चल. डोळे नवे करून घेतलेत ना?"

"चिखल असेल."

"असेल की! ओढा आहे तो, बैठकीची खोली नाही."

नवऱ्याने मागून तिला जवळजवळ ढकललंच. बूट तिला इतके मोठे होत होते की चालताना आतल्या आत पाय फिरायचे. वाटेत तिने भावाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, ज्या अर्थातच तिच्याही होत्या. शेवटी भावाने तिला काठावरच्या एका सपाट दगडावर बसवलं आणि तो पाण्यात उतरला.

उन्हं कलली तशी पाण्यातून किडे वर यायला लागले. ताई आधी दुरूनच नाक मुरडत होती. मग जरा वाकली. मग चक्क दगडावर पालथी झाली. तिच्या नाकासमोर, हातभर अंतरावर, पाण्याच्या तळातून एक किडा वर आला. त्याची पाठ उकलली. आतून दुसरा किडा धडपडत बाहेर पडू लागला. एक पंख सुटला, दुसरा ओला, चुरगळून अडकलेला. पाय सहा दिशांना. मागे जुनी कातडी चिंधीसारखी लोंबत होती. बापडा जन्माला येण्याच्या घाईत होता, नीटनेटकं दिसायला त्याला सवड कुठे होती? जे किडे पूर्ण सुटले, पंख सरळ झाले, ते सुखरूप उडून गेले. हा अजून तिथेच झटत होता. खालून एक सावली आली, पाण्यावर भोवरा उठला, आणि किडा गेला.

ताई दगडावरून आणखी पुढे, काठच्या चिखलात सरकली. लगेच दुसरा वर आला, तसाच फाटका, तसाच वेडावाकडा.

"अगं बाई!" ती ओरडली. "अरे, ही तर माझ्या हातची माशी!"

भाऊ पाण्यात उभ्या उभ्या इतका हसला की पडता पडता वाचला. ताई मात्र हसत नव्हती. पुस्तकातले किडे वाळवून, टाचून, मग चितारलेले होते. जिवंत किडा तिने आज पहिल्यांदा पाहिला होता. लॅबमध्ये ती कुणालाही सांगायची की सगळे दात एका रांगेत उभे केलेत तर कवळी लांबूनच ओळखू येते, एखादा जरा कलता बसवा, म्हणजे तोंड जिवंत दिसतं. इतकी साधी गोष्ट तिला घरी कधी सुचली नाही! तिला स्वतःचा राग आला, आणि त्याच वेळी असा आनंद झाला की तो कुठे ठेवावा कळेना.

"तुझ्याकडची एक माशी दे. चांगली दे, माझी."

तिने पदराची सेफ्टी पिन काढली. एकदा पाण्याकडे बघायची, एकदा माशीकडे. लोकरीतून एक एक केस पिनेने ओढून काढला, एक पंख दाबून चुरगळला, पोटाखाली थोडी चिंधी सोडली. आंधळेपणी जे चुकून झालं होतं, ते आता बघून बघून करायचं होतं, आणि ते सफाईहून कितीतरी अवघड होतं. तिने अंगठा फिरवला. खरखरीत, आणि प्रत्येक खरखर तिने ठरवून ठेवलेली.

भावाने ती माशी टाकली. ती पाण्यावर जेमतेम टेकली असेल, तोच गळाची दोरी ताणली गेली.

मासा हातात घेऊन तो ताईला दाखवायला आला. तिने मान वर केली, "छान आहे," म्हणाली, माशी माशाच्या ओठातून स्वतः अलगद सोडवली आणि पुन्हा पाण्याकडे वळली. तिचं पोट चिखलात होतं, पायातून निसटलेला एक बूट वाहून पलीकडे लागला होता.

"चल, ताई. भावजी वाट बघत असतील."

"थांब रे जरा," ताई म्हणाली. "अजून उजेड आहे. बघू दे मला."