ओझ्यासकट माप

"गोणी घे डोक्यावर, मग पाय दाखव." आमच्या कारखान्याच्या दवाखान्यात जखमा बांधणारे चाचा प्रत्येक हमालाला हेच सांगायचे.

जन्मभर अनवाणी चाललेल्या माणसांना पिंपरीच्या त्या कारखान्याने कडक बूट घातले होते. पाय सोलून निघायचे. चाचा गोणीसकट माणसाचा ओला पाय फरशीवर टेकवत, ठशाभोवती कोळशाने रेघ ओढत आणि जुन्या रबरातून त्या पायापुरता सुकतळा कापून बुटात बसवत.

मी शेजारी बसून केसपेपर लिहायचो. फावल्या वेळात युनियनची पत्रकं. "तुझं पत्रक फार गरम असतं राव," चाचा चिडवत, "पण त्यानं जखम शेकता येत नाही."

पुढे पायांच्या या उपचारासाठी सत्कार झाला. कुणाचा? डॉक्टरसाहेबांचा! शाल पांघरून ते "माझी पद्धत" म्हणाले, तेव्हा हारांचं तबक धरून शेजारी चाचाच उभे होते. आठवड्यात चाचांना काढलं. नोकरी कच्ची होती आणि वरून सांगण्यात आलं, "पद्धत आता कागदावर आहे."

मी दात-ओठ खाल्ले. दुसऱ्याच दिवशी सगळे हमाल डॉक्टरांपुढे नेऊन उभे केले. "घ्या माप!"

साहेबांनी पहिल्याला खुर्चीत बसवलं आणि पायाला टेप लावली.

निघोजे गावचा म्हातारा हमाल म्हणाला, "सायेब, आमी माल काय बसून वाहतो व्हय?"

सगळी पडवी हसली. साहेबांचे कान लाल झाले. मी तसाच कासारवाडीला चाचांच्या घरी धावलो आणि तिखटमीठ लावून सगळं सांगितलं.

चाचा हसले नाहीत. "म्हणजे त्याला येत नाही?"

"काही येत नाही! सडू द्या त्याला!"

"तो कुठं सडतोय, भाऊ? सडतील ते पाय."

सकाळी चाचा टोपी घालून दवाखान्यात हजर. डोक्यावर गोणी घेऊन हमाल उभा, आणि त्याच्या पायाशी इस्त्रीच्या पाटलोणीत डॉक्टर गुडघ्यांवर. "अजून खाली, साहेब," चाचा शांतपणे सांगत होते, "टाच दिसली पाहिजे."

चाचांच्या मनात सूड नव्हता. माझ्या होता. मी दारात उभा राहून पोटभर पाहिलं, आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही.

शिकवून झालं. चाचांनी हात धुतले आणि ते निघाले. पुन्हा कुणी त्यांना बोलावलं नाही. मी फाटकावरची वही पाहिली. चाचांच्या नावापुढे पहारेकऱ्याने लिहिलं होतं: पाहुणा.