दमाशिवाय पट्टा

महाडच्या कराटेच्या सरांनी माझ्या मुलीला फसवलं. मी रोज क्लासबाहेरून बघायचो. सर खुर्चीत बसून, चहा फुंकत पोरींना हात-पाय उडवायला लावायचे. धावणं नाही, जोर-बैठका नाहीत. मी भांडलो, तर हसून म्हणाले, "अहो शेठ, दमवलं की पोरी क्लास सोडतात." आणि तिच्या कमरेला पट्टा बांधला.

आता पोलादपूरला एसटीतून उतरून ती आमच्या वाडीची आडवाट एकटीच चढते. म्हणते, "बाबा, घाबरतोस कशाला? पट्टा हाय ना माझ्याकडं!"

काल मी सोबत चढलो. वर पोचेपर्यंत तिला एवढी धाप लागली, की धड हाकही मारता येईना. आता ती घरी येईपर्यंत मी वाटेकडे बघत उंबऱ्यातच बसतो. सर, त्या वाटेवर तिला कुणी अडवलं, तर जबाब तुम्ही देणार का? बोला!