उलट्या पावलांच्या पार्बताकाकू

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही, त्याबद्दल वाचणाऱ्याने माफ करावे. वाचणारे कोणी नाही, तरी माफी मागून ठेवते. माझी बोटे वाकडी झाली आहेत, पण सगळा दोष बोटांना देता येत नाही. चौथीत ती सरळ होती, तेव्हाही अक्षर असेच होते.

आमच्या शेजारच्या पार्बताकाकू आता नाहीत. त्या पायऱ्या उलट्या उतरत. तोंड पायऱ्यांकडे, पाठ खाली, एक हात भिंतीला. त्यांचे गुडघे झिजले होते आणि सरळ उतरले की कळ निघे. उलटे चालणे त्यांना शिकावे लागले नाही. रोवणीला जाणाऱ्या आमच्या बायांच्या टोळीच्या त्या म्होरक्या होत्या, आणि धानाची रोवणी मागे सरकतच करतात. रोवलेले समोर राहते, आपण चिखलात मागे मागे जातो. साकोलीच्या दवाखान्यात त्या अशा उतरू लागल्या तेव्हा चौकीदार ओरडला, "ओ बाई, वर जाचं हाय का खाली?"

"खालीच जाऊन राहिली," काकू म्हणाल्या. "वर जायले टाइम हाय अजून."

त्या दिवशी त्या माझ्यासाठी आल्या होत्या. माझ्या बोटांचे सांधे सुजले होते आणि सकाळी मूठ वळत नव्हती. रोवणीत अंगठा आणि दोन बोटांत रोपे धरून चिखलात खोचावी लागतात. बोटे गेली म्हणजे माझे काम गेले, आणि मला दुसरे काम येत नाही. डॉक्टरांनी विचारले, "सकाळी किती वेळ आखडतात?" मी खाली बघत राहिले. परक्या माणसासमोर मला बोलता येत नाही.

"ते लाजते, साहेब," काकू म्हणाल्या. "चुलीवर भाजी शिजते, तवरक हात सुटत नाही. डब्याचं झाकण नवरा काढून देते."

"तुम्ही कोण यांच्या?"

"मी तिची जीभ."

डॉक्टरांनी जिभेलाच सगळे समजावून सांगितले. आमवात आहे, रक्त तपासा, गोळ्या बरेच दिवस लागतील, मनाने बंद करायच्या नाहीत. रक्ताचे पैसे माझ्याकडे नव्हते. काकूंनी पदराची गाठ सोडली आणि भरले.

संध्याकाळी माझा नवरा ते पैसे द्यायला गेला. काकूंनी घेतले नाहीत.

"तुह्या हाताचे नको बापा. तिच्या हाताचे पाह्यजे."

"नोटेवर हात दिसते का, काकू?"

"मले दिसते," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतले.

त्याआधी मी बाजारातल्या एका माणसाची पुडी घेणार होते. तिने दोन दिवसांत आराम पडतो म्हणत. काकूंनी अडवले. त्यांनी स्वतः ती पुडी वर्षभर खाल्ली होती. आराम पडला, आणि तोंड सुजून टोपल्यासारखे गोल झाले. सगळ्या गावाने सुनेचे कौतुक केले, सासूला काय पोसले म्हणून. सून खूश होती. पुढे रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी पुडी हळूहळू सोडवली, तेव्हा तोंड उतरले. मग गाव म्हणाले, सून जेवायला देत नाही. काकू सांगत, "पुडीनं गुडघ्याचं काही नाही केलं. सुनेचं मात्र दोन्हीकडून केलं."

दुखण्याला त्या घरजवाई म्हणत. "हा पाहुणा नाही. हाकलला तरी जात नाही. त्याले काम सांगाचं." रोज सकाळी भिंतीपलीकडून हाक येई.

"सुमन, घरजवाई उठला का वो?"

"उठला."

"मंग आंघोळ घाल त्याले."

म्हणजे स्वयंपाकाच्या गंजात कोमट पाणी घेऊन हात बुडवायचे आणि पाण्यात मूठ उघडायची, मिटायची. नंतर त्या ओसरीत खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून धरत, खाली ठेवत. रस्त्याने जाणारे विचारत, "काय करून राहिल्या, काकू?" "लाथ मारून राहिली," काकू सांगत. "तू सरक थोडा."

त्या वर्षी मी रोवणीत उतरले नाही. काकूंनाही चिखलात उभे राहणे जमले नाही. आम्ही दोघी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसलो. मी रोपांच्या पेंढ्या बायांकडे फेकत होते आणि काकू सगळ्यांच्या ओळी वाकड्या आहेत असे सांगत होत्या. मजुरी मी घेतली नाही. फेकण्याचे काय पैसे घ्यायचे? काकू म्हणाल्या, "बरं केलं. ते मी घेतले नसते."

उन्हाळ्यात त्यांच्या फॅक्टरीत नोकरीला असलेल्या मुलाने त्यांना जवाहरनगरला नेले. क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर. सकाळची हाक बंद झाली. मी घरजवायाला आपल्या मनाने आंघोळ घालत राहिले आणि गोळ्या खात राहिले. पुढच्या आषाढात मी बांधीतल्या चिखलात रोवणीला उतरले. माझी ओळ सगळ्यांच्या मागे राहिली, वाकडीही झाली, पण शेवटच्या धुऱ्यापर्यंत गेली.

मजुरी मिळाल्यावर मी एकटी बसने जवाहरनगरला गेले. कंडक्टरला गावाचे नाव दोनदा सांगावे लागले, पहिल्यांदा त्याला ऐकू गेले नाही. काकू पलंगावर होत्या, पाय उचलून धरलेले.

"घरजवाई कसा हाय?"

"हाय. पण कामाले जाते आता."

मी रक्ताचे पैसे काढले. त्या म्हणाल्या, "मोजून दे." मी अंगठ्याने एकेक नोट सरकवत मोजले. त्या नोटांकडे बघत नव्हत्या, बोटांकडे बघत होत्या. शेवटची नोट चिकटली होती, तीही सुटली.

मला पोचवायला त्या खालपर्यंत आल्या. उलट्या. त्यांना मध्येच धरता यावे म्हणून मीही उलटीच उतरले. फॅक्टरीतून आलेले एक साहेब डबा घेऊन वर येत होते, ते आम्हा दोघींना बघून भिंतीला टेकून उभे राहिले. शेवटच्या पायरीवर काकूंनी दम घेतला, गाठ सोडली आणि पैसे पुन्हा एकदा स्वतः मोजले.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "फिटले."