फक्कीचं घर

परभणीला स्टेशनपलीकडच्या ज्वारीच्या रानात घरं होणार होती. विक्री सुरू व्हायच्या आधीच आमचे भोळे यजमान साठवलेलं सगळं त्यात घालायला निघाले, म्हणून नकार द्यायला मीच गेले.

विकणाऱ्याने काळ्या मातीवर चुन्याच्या फक्कीने अख्खं घर आखलं होतं. चपला बाहेर काढून तो आत उभा होता. मी रेघ ओलांडताच तो कळवळला, “बाई, भिंतीतून कशाला यायलात? दार हाय की!”

मी हसले, पण मागे फिरून दारातून आले. मग स्वयंपाकघर अरुंद म्हणून भांडले. त्याने निमूट रेघ पुसून हातभर पुढे आखली.

“नाव लिहू का?” त्याने नोंदणीची वही उघडली.

“विचार करून सांगते,” मी ठणकावलं आणि चपला शोधू लागले.

त्या दाराबाहेर होत्या, त्याच्या चपलांशेजारी. तो नाव लिहायला बसला.