अहल्याअक्कांची मोहरी

अहल्याअक्का तीस वर्षं बेंगळूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडत होत्या. पलीकडचा माणूस बोलला नाही, तरी लाइनवर कोणी आहे की नाही हे त्यांना कळायचं. घरातही तेच. यजमान वादिराज पेपरामागे गप्प बसले, की अक्का म्हणायच्या, "ऐकू आलं. कॉफी हवीय."

शहाऐंशी साली कॅन्सरने त्यांचा डावा स्तन गेला. ऑपरेशन झालं, इंजेक्शनं झाली, मग त्या बाजूला महिनाभर किरणांचा शेक. केस गेले आणि परत आले ते कुरळे. कोणी विचारलं, की अक्का खुशाल एका नसलेल्या पार्लरचा पत्ता देत.

ब्लाउजची रिकामी बाजू मात्र छळायची. कापूस भरला तर तो पदराबरोबर चढत चढत गळ्याशी यायचा. शेवटी धाकट्या जावेने, वसुमतीने, बाळाच्या डोक्याखाली घालतात तशी मोहरीची पिशवी शिवून दिली. वजन नेमकं, गोलाईही नेमकी. "घरातली मोहरी संपली तर बिनदिक्कत सांगा," अक्का म्हणायच्या, "पावशेर माझ्याकडे आहे."

दरवर्षी तपासणी असे. आत जाताना अक्का पिशवी काढून बाहेर बसलेल्या वसुमतीच्या हातात देत. डॉक्टर गाठ शोधत, गाठ नसे, आणि दोघी म्हैसूरपाक घेऊन जे. पी. नगरला परतत. अशी दहा वर्षं गेली.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये एका दुपारी करंट गेला. पंखा थांबला, शेजारचा टीव्ही बंद पडला. दोघी जावा मेथी निवडत बसल्या होत्या. वसुमतीने मान वर केली. कुठेतरी मोहरी सरकत होती, डब्यात उंदीर शिरावा तशी. सर. सर-सर. मग काहीच नाही. मग पुन्हा सर.

अक्का स्वस्थ बसल्या होत्या. दोन्ही हात मेथीत होते. पदराखालची पिशवी आपली आपण हलत होती.

वसुमतीच्या मते हे दिवंगत सासूबाईंचं काम होतं. मोहरी त्यांच्या बरणीतली, आणि आपल्या बरणीला कोणी हात लावलेला त्यांना जिवंतपणीही खपत नसे. तिने दुकानातून नवी मोहरी आणली, नव्या कापडाची पिशवी शिवली, वर देवाच्या अक्षता टाकल्या. दोन दिवसांनी करंट गेला, आणि नवी पिशवीही सरसरू लागली.

मग अक्कांनी चौकशी हातात घेतली. पिशवी टेबलावर ठेवली. गप्प. वसुमतीच्या छातीशी धरली. ती डोळे मिटून, श्वास रोखून, लस टोचून घेणाऱ्या पोरीसारखी बसली. पिशवी गप्प. अक्कांनी ती परत आपल्या जागी ठेवली, आणि मोहरी बोलू लागली.

बराच वेळ अक्का ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "वसू, लाइनवर कोणीतरी आहे. पण ते पिशवीत नाही."

वर्षभर जिन्यात धाप लागत होती. चप्पल संध्याकाळी घट्ट व्हायची. एका उशीच्या तीन उशा झाल्या होत्या. अक्कांनी सगळ्याचं खापर रिटायरमेंटच्या वजनावर फोडलं होतं, कारण नाहीतर घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच शब्द आला असता, आणि तो त्यांना पुन्हा ऐकायचा नव्हता. जानेवारीच्या तपासणीत गाठ नव्हती. मग आत हे कोण आलं होतं?

त्या स्वतःच दवाखान्यात गेल्या, वसुमतीला आत घेऊन, आणि दहा वर्षांत प्रथमच पिशवी काढली नाही. डॉक्टर नवे, तरुण होते. अक्कांनी त्यांना आधी पंखा बंद करायला सांगितलं. म्हातारीचा हट्ट म्हणून त्यांनी हसत बटण दाबलं. हसू फार टिकलं नाही. ते वाकले आणि स्टेथोस्कोप न लावताच ऐकत राहिले.

दुपारपर्यंत हृदयाचा फोटो झाला. पडद्यावर करडं काहीतरी चाचपडत उघडमीट करत होतं. अक्कांनी विचारलं, हाच का तो? डॉक्टर म्हणाले, हाच. कॅन्सर परतलेला नाही. पण तेव्हाचे किरण आणि ती इंजेक्शनं हृदयालाही लागली होती. असं कधीकधी बऱ्याच वर्षांनी वर येतं. हृदय फुगलंय, थकलंय. पूर्ववत होणार नाही, पण गोळ्यांनी सांभाळता येईल. मग ते म्हणाले, "आम्ही इथे गाठीचं विचारतो, अम्मा. धापेचं विचारत नाही."

वसुमती रडायला लागली. "दरवर्षी पिशवी माझ्याच हातात होती, अक्का. आणि माझ्या हातात ती गप्प."

"तुझं हृदय शहाणं आहे," अक्का म्हणाल्या. "रड, पण स्वल्प."

गोळ्या सुरू झाल्या, मीठ गेलं, लोणच्याची बरणी वादिराजांच्या ताब्यात गेली. हल्ली दुपारी अक्का पिशवी काढून पडतात आणि पेपर वाचतात. वसुमती शेजारी बसून त्या सपाट जागेवर तळहात ठेवते. मधूनच एखादा ठोका येत नाही. वसुमतीचा हात तिथेच राहतो, पेपराचं पान उलटायचं राहतं. मग तळहाताखाली काहीतरी धडपडून उठतं.

"सरी, ठीक आहे," वसुमती म्हणते, आणि अक्का पान उलटतात.